चोवीस होम रन, बावीस स्ट्राइकआउट

२०२५च्या दोन नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, आपल्या घड्याळाप्रमाणे, लॉस एंजेलिस डॉजर्सनी टोरोंटोत अकराव्या इनिंगमध्ये सामना खेचून घेतला आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघानं महिला क्रिकेटचा विश्वचषक उचलला. त्यापुढे आपल्याकडे बेसबॉलची आठवण कुणाला राहिली नाही आणि राहायचं कारणही नव्हतं. पण त्या मोसमातला एक आकडा फलंदाजीवर प्रेम करणाऱ्या कुणालाही अस्वस्थ करील असा आहे: .३०४. फिलाडेल्फिया फिलीजचा शॉर्टस्टॉप ट्रे टर्नर एवढ्या सरासरीवर नॅशनल लीगमधला सर्वोत्तम फलंदाज ठरला. १८७६ पासून चालत आलेल्या या लीगमध्ये इतक्या कमी सरासरीवर हा किताब कधी कुणाला मिळाला नव्हता. किताबाला पात्र ठरलेल्यांत .३००च्या वर राहिलेलाही तो एकटाच.

टर्नर उत्तम खेळाडू आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण १९८० साली कॅन्सस सिटी रॉयल्सचा थर्ड बेसमन जॉर्ज ब्रेट १९ सप्टेंबरपर्यंत .४००वर होता. दर दहा संधींत चार हिट. अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगांत १९४१च्या टेड विल्यम्सनंतर पूर्ण मोसमात हे कुणाला जमलेलं नाही. (निग्रो लीगची आकडेवारी २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत आली आणि जॉश गिब्सनचे १९४३ मधले .४६६ यादीत सर्वांत वर गेले. फार उशिरा झालेला न्याय.) ब्रेट अखेर .३९०वर थांबला. ४४९ संधी, १७५ हिट. १८० झाल्या असत्या तर .४००ची रेषा ओलांडली असती.

या पाच हिटची हळहळ अमेरिकेत अजून संपलेली नाही. आपल्याला लगेच ब्रॅडमनच्या चार धावा आठवतात, पण दोन्हींत फरक आहे. ओव्हलवर हॉलीजचा एक चेंडू आला आणि सगळं संपलं. ब्रेटच्या पाच हिट मोसमभर इकडेतिकडे सांडल्या. जूनमध्ये बेस चोरताना घोटा दुखावला, महिनाभर तो बाहेर. सप्टेंबरमध्ये हात दुखावला, पुन्हा काही सामने गेले. १६२ पैकी ११७ सामनेच त्याच्या वाट्याला आले. आणि शेवटच्या आठवड्यांत तो जिथे जाई तिथे वार्ताहरांचा घोळका असे.

त्या उन्हाळ्यातला १७ ऑगस्टचा सामना. कॅन्सस सिटीचं घरचं मैदान, समोर टोरोंटो. तिन्ही बेस भरलेले असताना ब्रेटनं डबल मारला, तिघेही धावत घरी आले आणि हा दुसऱ्या बेसवर उभा राहिला. त्या दिवशी चारपैकी चार हिट झाल्या होत्या. सरासरी .४०१. सारं स्टेडियम उभं राहिलं, ब्रेटनं दोन्ही हात वर केले. लागोपाठ तीस सामन्यांत हिट मारण्याची त्याची मालिका त्याच दिवसांतली. २६ तारखेला मिलवॉकीत पाचपैकी पाच, सरासरी .४०७. मे महिन्यात हाच माणूस .२५०च्या आसपास चाचपडत होता.

पण माझ्या मते त्या मोसमाचं मोठेपण .३९०मध्ये जितकं आहे त्याहून जास्त दुसऱ्या दोन आकड्यांत आहे. ब्रेटनं २४ होम रन मारले आणि तो फक्त २२ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला. सरासरीत न मोजलेल्या वेळा धरून एकूण ५१५ वेळा तो प्लेटवर उभा राहिला, त्यातले हे बावीस, म्हणजे शंभरात चारच्या आसपास. आजच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे त्याच दोन लीगांत मिळून, हे प्रमाण शंभरात बावीस आहे. जोरात मारायचं तर चुकणारच, हा आजचा समज आहे. ब्रेट जोरातही मारत होता आणि चुकतही नव्हता. ११७ सामन्यांत त्यानं ११८ धावा घरी आणल्या.

हे तो शिकला कुणाकडून, तर चार्ली लाउ नावाच्या माणसाकडून. स्वतःच्या कारकिर्दीत लाउची सरासरी होती .२५५. साधा कॅचर. १९७४च्या उन्हाळ्यात, ऐन मोसमाच्या मध्यावर, एकवीस वर्षांचा ब्रेट .२००च्या जवळपास धडपडत होता आणि लाउ रॉयल्सचा हिटिंग कोच होता. लाउनं त्याची उभं राहण्याची पद्धतच बदलली. वजन आधी मागच्या पायावर घ्यायचं, बॅट खांद्यामागे जवळजवळ आडवी ठेवायची, मग वजन पुढच्या पायावर सोडत चेंडूकडे जायचं, डोकं हलू द्यायचं नाही, आणि फटका बसल्यावर वरचा हात बॅटवरून सुटला तरी सुटू द्यायचा. चेंडू जिकडे येईल तिकडे मारायचा, ओढून एकाच बाजूला न्यायचा नाही. मोसमाअखेर ब्रेट .२८२वर होता. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, .३३३वर अमेरिकन लीगचा किताब. १९७९ मध्ये एकाच मोसमात वीसपेक्षा जास्त डबल, वीस ट्रिपल आणि वीसपेक्षा जास्त होम रन. त्या वेळची छायाचित्रं पाहिली की ब्रेटचा रेललेला तोल लगेच ओळखू येतो, आणि त्याचे हातही. तो ग्लोव्ह न घालता खेळत असे. पकड घट्ट राहावी म्हणून बॅटला पाइन टार, म्हणजे झाडाचा चिकट काळा डांबरासारखा चीक, फासायचा.

लाउचं आणि विल्यम्सचं पटणारं नव्हतं. विल्यम्स सांगत असे की कंबर फिरवा, बॅट किंचित वर जाऊ द्या. आज चेंडू हवेत उंच मारायची जी पद्धत सगळीकडे आहे ती विल्यम्सच्या शिकवणीच्या जवळची. तेव्हा मी लाउची बाजू घेतो आहे तरी शेवटचा .४००वाला दुसऱ्या तंबूतला आहे, हे मान्य करायला हवं. फरक इतकाच की विल्यम्सनंही त्या मोसमात ३७ होम रन मारताना फक्त २७ स्ट्राइकआउट दिले होते. आजच्या फलंदाजांनी त्याचा वर जाणारा फटका उचलला, नजर उचलली नाही.

विल्यम्स आणि ब्रेट यांची तुलना करताना एक नियम बहुतेक जण विसरतात. आज बॅटरनं उंच झेल दिला आणि त्यावर तिसऱ्या बेसवरचा गडी घरी आला, तर ती संधी सरासरीत मोजत नाहीत. १९४१ मध्ये मोजत असत. ब्रेटचे असे सात झेल होते. जुन्या नियमानं त्याच्या ४५६ संधी होतात आणि सरासरी .३८४. विल्यम्सच्याही नेमक्या ४५६ होत्या, हिट १८५. म्हणजे समान मापानं अंतर दहा हिटचं. चार महिन्यांहून जास्त चाललेल्या खेळात दहा.

.४०० का नाहीशी झाली, याचं सर्वांत सुंदर उत्तर दिलं ते एका जीवाश्मशास्त्रज्ञानं, स्टीफन जे गूल्डनं. त्याचं म्हणणं असं, की फलंदाज बिघडले म्हणून .४०० गेली नाही, सगळाच खेळ सुधारला म्हणून गेली. लीगची सरासरी कित्येक दशकं .२६०च्या आसपासच राहिली, पण सर्वोत्तम आणि सामान्य यांच्यातली दरी बुजत गेली. पूर्वी दुबळ्या पिचरांवर, ढिसाळ फिल्डिंगवर थोरांना हात धुवून घेता येत असे. सगळेच कसलेले झाले की कुणीच फार वर उरत नाही. ब्रेटचे .३९० या पार्श्वभूमीवर पाहायचे. त्या साली अमेरिकन लीगची सरासरी .२६९ होती.

गूल्डचा हा विचार मला पूर्ण पटतो, पण २०२५च्या .३०४ला तो लागू पडत नाही. कारण आता खुद्द मधली रेषाच खाली आली आहे. मेजर लीगची सरासरी त्या वर्षी .२४५. ताशी चौऱ्याण्णव मैलांच्या वर असलेला सरासरी फास्टबॉल, दर इनिंगला ताज्या दमाचा नवा पिचर, त्याच्या प्रत्येक चेंडूचं मोजमाप करणारे कॅमेरे, हे सगळं खरं. २०२३ पासून इनफिल्डरांनी एका बाजूला गोळा होण्यावर बंदी आली. सरासरी जेमतेम पाच हजारांश वर सरकली आणि पुढच्याच वर्षी खाली बसली. नियमानं हे दुखणं बरं होणार नाही, कारण ते संघांच्या हिशोबात आहे. एका होम रनसाठी चार स्ट्राइकआउट परवडतात, असं तो हिशोब सांगतो. कदाचित सामने जिंकायला तो बरोबरही असेल. पण त्या हिशोबात पंधरा वर्षांच्या पोराला चेंडू जिकडे आला तिकडे मारायला कोण शिकवणार? चार्ली लाउला आज नोकरी मिळाली असती का, याची मला शंका आहे.

१९८०चा शेवट मात्र गोड झाला नाही. रॉयल्सना १९७६, ७७ आणि ७८ अशी तीन वर्षं न्यूयॉर्क यांकीजनी वर्ल्ड सिरीजच्या वाटेतच गाठलं होतं. त्या ऑक्टोबरमध्ये यांकी स्टेडियमवर ब्रेटनं गूस गॉसेजच्या वेगवान चेंडूवर तीन धावांचा होम रन वरच्या मजल्यावर मारून तो हिशोब चुकता केला. लाउ तेव्हा यांकीजकडे कामाला होता. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये मूळव्याधीनं ब्रेट बेजार झाला, दुसरा सामना अर्धा सोडून त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि तिसऱ्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये त्यानं होम रन मारला. तरी सिरीज फिलाडेल्फियानं जिंकली. रॉयल्सना ती मिळायला १९८५ उजाडावं लागलं. मधल्या काळात, १९८३ मध्ये, त्याच गॉसेजवरचा होम रन बॅटवर पाइन टार जास्त आहे म्हणून पंचांनी रद्द केला, ब्रेट पिसाळून धावत आला, आणि लीगनं तो होम रन पुन्हा बहाल केला. लोकांना ब्रेट आठवतो तो त्या धावत येण्यामुळे. मला ते अन्यायाचं वाटतं. तो एकवीस मोसम एकाच संघाकडून खेळला, ३,१५४ हिट करून १९९३ मध्ये निवृत्त झाला, आणि तीन वेगवेगळ्या दशकांत फलंदाजीचा किताब जिंकणारा आजवरचा एकमेव खेळाडू आहे.

त्यातला शेवटचा किताब १९९०चा. त्यानंतर रॉयल्सकडे तो आला थेट २०२४ मध्ये, शॉर्टस्टॉप बॉबी विट ज्युनियरच्या .३३२मुळे. बत्तीस होम रन, वेगवान पाय, मैदानाच्या सगळ्या बाजूंना जाणारे फटके. आणि १०६ स्ट्राइकआउट. आजच्या काळात हे कमीच म्हणतात. विट पंचविशीत आहे. पुढच्या मोसमात त्याच्या होम रनच्या रकान्याआधी मी हा स्ट्राइकआउटचा रकाना पाहणार आहे.