सार्वजनिक ग्रंथालय आणि ई-पुस्तक : मालकीचा प्रश्न

छापील पुस्तक टिकणार की ई-पुस्तक त्याची जागा घेणार, हा वाद आज जेथे चार वाचक जमतात तेथे ऐकू येतो. एक पक्ष कागदाच्या स्पर्शाची महती गातो. दुसरा पक्ष एका लहानशा यंत्रात हजार ग्रंथ मावतात याकडे बोट दाखवितो. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे. परंतु सार्वजनिक ग्रंथालयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा असा एक प्रश्न आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. वाचकाच्या हाती देण्यासाठी ग्रंथालयाने जे पुस्तक आणले, ते ग्रंथालयाच्या मालकीचे आहे की नाही, हा तो प्रश्न होय.

तो नीट समजण्यासाठी आपली ग्रंथालये कशी उभी राहिली, ते पाहावे लागेल. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. पुण्यात १८४८ साली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. तिच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता, आणि तीच संस्था आज पुणे नगर वाचन मंदिर या नावाने चालू आहे. पुढे ठाण्यास १८९३ साली आणि मुंबईस १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. मराठी ग्रंथ एके ठिकाणी जमवावेत आणि जतन करावेत, हा त्यांचा हेतू. राज्यसत्तेने हे काम अंगावर घेतल्याचे ठळक उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर होता. आपल्या कायद्यात तो नाही. संस्था लोकांची आणि अनुदान सरकारचे, अशी आपली व्यवस्था. गावोगावची हजारो ग्रंथालये या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतात.

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. ग्रंथालय पुस्तक विकत घेते, त्याची नोंद करून त्यावर शिक्का मारते. त्या क्षणापासून ती प्रत ग्रंथालयाची होते. ती शंभर सभासदांना द्यावी, बांधणी सुटली तर पुन्हा बांधून घ्यावी, शेजारच्या गावाला उसनी द्यावी. प्रकाशकाला त्यात हरकत घेता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली हे तत्त्व मान्य केले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, नव्या प्रती बाजारात आणण्याचा हक्क ग्रंथकाराचा. पण एकदा बाहेर पडलेल्या प्रतीवर तो हक्क चालत नाही. सार्वजनिक वाचनाचा डोलारा या एका कलमावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

ई-पुस्तकाचे तसे नाही. ते देताना नवी प्रत तयार होते. म्हणून प्रकाशक ते बहुधा विकत नाहीत. ते वाचण्याचा परवाना देतात. परवान्याला अटी आल्या. अमेरिकेत हार्पर कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ साली असा नियम केला, की ग्रंथालयाने घेतलेले ई-पुस्तक सव्वीस वेळा वाचकांना दिले, की परवाना संपला; पुन्हा पैसे भरावेत. मॅकमिलनने २०१९ साली नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत देण्याचे ठरविले. ग्रंथपालांनी जोराचा विरोध केला, आणि २०२० च्या मार्चमध्ये तो नियम मागे घेतला गेला. ॲमेझॉनने २००९ साली जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरे, आणि पैसेही परत मिळाले; पण घरातल्या कपाटातून पुस्तक असे नाहीसे होऊ शकत नाही.

प्रकाशकांची बाजूही ऐकली पाहिजे. कागदी प्रत झिजते, फाटते, हरवते. मग ग्रंथालय दुसरी घेते. ई-प्रत कधीच झिजत नाही. ती घरबसल्या फुकट मिळू लागली, तर विकत कोण घेईल आणि लेखकाला मानधन कोठून मिळेल? ही भीती अगदीच खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहेत. ब्रिटनने १९७९ साली कायदा करून असे ठरविले, की ग्रंथालयातून पुस्तक वाचकाकडे गेले, की लेखकाला सरकारी तिजोरीतून मोबदला मिळावा. २०१८ पासून तो ई-पुस्तकांनाही लागू झाला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ साली असा निर्णय दिला, की एका वेळी एकाच वाचकाला दिलेले ई-पुस्तक हे छापील पुस्तक देण्यासारखेच मानता येते, लेखकाला मोबदला मिळाला म्हणजे झाले. उलट अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्हने छापील प्रतींची छायाचित्रे काढून अशीच देवघेव चालविली, तेव्हा न्यायालयाने २०२३ साली ती बेकायदा ठरविली आणि २०२४ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दोन ठिकाणी मिळाली. तेव्हा ही अडचण यंत्राने आणलेली नसून कायद्याने आणलेली आहे, आणि कायदा लोकांना बदलता येतो.

ई-पुस्तकाचे गुण तर उघड आहेत. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. अंधांना ते यंत्राकडून वाचून घेता येते. अंध वाचकांसाठी २०१३ साली माराकेश येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार सर्वांआधी, २०१४ साली, भारतानेच कायम केला. जुन्या, हात लावताच तुकडे पडणाऱ्या ग्रंथांना तर हाच आधार. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २०११ च्या आरंभापासून कोणीही प्रसिद्ध करू शकतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या मालकीच्या छापील ग्रंथाची ई-प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली आहे.

तर मग करावे काय? पहिले, मुक्त झालेले ग्रंथ आपल्या ग्रंथालयांनी स्वतःच ई-रूपात आणावेत. नुसती पानांची छायाचित्रे पुरेशी नाहीत; मजकूर युनिकोडमध्ये असावा, म्हणजे शब्द शोधता येतो. आणि प्रत दोन-तीन ठिकाणी ठेवावी. दुसरे, मराठी प्रकाशकांशी ग्रंथालय संघांनी एकत्रितपणे बोलणी करावीत. ग्रंथालयांची खरेदी हा मराठी प्रकाशकाचा मोठा आधार आहे. तेव्हा वाजवी किंमत एकदाच द्यावी, एका वेळी एकाच वाचकाला पुस्तक द्यावे, पण प्रत कायमची आपली असावी, असा करार अशक्य नाही. तिसरे, १९५४ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व इतर ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात. तीच सक्ती ई-पुस्तकालाही असावी. नाहीतर केवळ ई-रूपात निघालेले मराठी पुस्तक, ती कंपनी बंद पडताच, मागे काही न ठेवता जाईल.

आपल्या पूर्वजांनी वर्गणी काढून पुस्तके जमविली, म्हणून दीडशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ आज आपल्याला मागता येतो. आपण केवळ परवाने जमवीत बसलो, तर दीडशे वर्षांनी मराठी वाचकाला मागण्यासारखे काय उरेल, याचा विचार ग्रंथालयाच्या प्रत्येक सभासदाने येत्या वार्षिक सभेपूर्वी करावा.