डास आणि वासाचे कुंपण



पावसाळा लागला की गावात दोन गोष्टी हटकून वाढतात. एक बांधावरचे गवत आणि दुसरे घरातले डास. यातल्या पहिल्याच्या जोरावर दुसऱ्याला दूर ठेवता येईल का, हा आजचा प्रश्न आहे.

तिखाडी किंवा रोशा गवत आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे आहे. माळावर उगवते, पान चुरगाळले की गुलाबासारखा गोड वास येतो. एकोणिसाव्या शतकात खानदेशात या गवताचे तेल काढण्याच्या भट्ट्या चालत. ते तेल मुंबईच्या बंदरातून अरबस्तान-तुर्कस्तानकडे जाई आणि तिकडे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई. परसातला गवती चहा हा याच कुळातला, आणि ज्याला सिट्रोनेला म्हणतात ते गवतही याचेच भावंड.

हे तेल घाण्यातून निघत नाही. मोठ्या भांड्यात गवत भरून त्यातून पाण्याची वाफ सोडतात. वाफ गवतातले तेल बरोबर घेऊन नळीतून बाहेर पडते. नळी गार केली की वाफेचे पाणी होते आणि तेल वर तरंगते. शंभर किलो गवतातून सुमारे अर्धा किलो तेल हाती लागते. म्हणून ते महाग असते.

आता डासाचे पाहा. चावते ती मादी. अंड्यांसाठी तिला रक्त लागते. अंधारात ती आपल्याला शोधते कशी? आपण सोडलेला श्वास, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांच्या मागाने. श्वासातला कार्बन डायऑक्साइड वायू तिला दुरून कळतो. तिखाडीतले जिरॅनिऑल, सिट्रोनेलातले सिट्रोनेलाल असे उग्र वासाचे पदार्थ अंगावर असले, की तिच्या शोधात अडथळा येतो आणि ती वळते. लक्षात ठेवा, डास मरत नाही, नुसता दूर राहतो. हे वासाचे कुंपण आहे.

आणि या कुंपणाचा दोष असा, की ते उडून जाते. जो वास डासाच्या नाकात शिरतो, तोच हवेत विरतो. अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. ‘डीट’ नावाच्या रासायनिक द्रव्याच्या सुमारे चोवीस टक्के मिश्रणाने डास पाच तास दूर राहिले, तर तपासलेल्या सिट्रोनेलाच्या तयार मिश्रणांचा असर वीस मिनिटेही टिकला नाही. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून तयार केलेले एक द्रव्य मात्र बराच वेळ टिकते, आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००५ साली त्याची शिफारसही केली. पण ते प्रक्रिया केलेले द्रव्य आहे. आपल्याकडे सर्दीसाठी मिळणारे निलगिरी तेल म्हणजे ते नव्हे.

हे एवढ्यासाठी सांगितले, की ‘नैसर्गिक आहे ना, मग झाले’ असे म्हणून घरोघर एक घात होतो. पोराच्या हातापायांना संध्याकाळी तेल चोळायचे आणि मच्छरदाणी पेटीतच ठेवायची! तेल तासाभरात उडाले, रात्र पुढे उरली. डास हिवताप पसरवतो, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहून ओळखले. तो हिवतापाचा डास रात्री चावतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. दोघांनाही एका बाटलीने थोपवता येत नाही.

मग हे तेल कधी वापरावे? सांजवेळी ओट्यावर बसताना, गोठ्यात धार काढताना, भजनाला जाताना. थोड्या वेळाचे काम असेल तिथे ते उपयोगी आहे. चाळीस चमचे खोबरेलात एक चमचा सिट्रोनेला किंवा तिखाडीचे तेल मिसळा. निव्वळ तेल अंगाला कधीही लावू नका, कातडीची आग होते. गवती चहाचे तेल अधिक झोंबते, ते अंगाला न लावणेच बरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहा. डोळे, ओठ आणि जखम टाळा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला हे लावूच नका, त्याला मच्छरदाणीत झोपवा. आणि बाटली चुलीपासून व मुलांच्या हातापासून दूर ठेवा. निलगिरी तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी जीव धोक्यात येतो. तसे झाले तर ओकारी काढण्याच्या खटपटीत न पडता, बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

गुरुजी आणि बाई, वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहा. सकाळी दोन कागदांवर एकेक थेंब टाका, एकावर खोबरेल, दुसऱ्यावर निलगिरी तेल. शाळा सुटताना मुलांना दाखवा. खोबरेलाचा डाग तसाच असेल, निलगिरीचा उडालेला असेल. कडुनिंबाचे तेल खोबरेलासारखे बियांतून पिळलेले, आणि तिखाडीचे निलगिरीसारखे उडते. तेल पुन्हा पुन्हा का लावावे लागते, हे मग मुलेच घरी जाऊन सांगतील.

खरा बंदोबस्त मात्र पाण्यापाशी आहे. डासाचे अंड्यापासून पंखापर्यंतचे सारे आयुष्य आठ-दहा दिवसांत साठलेल्या पाण्यात पुरे होते. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, हौद, पिंपे रिकामी करून कोरडी करा. नुसती पालथी घालू नका, काथ्याने आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत असतात. फुटके माठ, करवंट्या, जुने टायर यांत पाणी साचू देऊ नका. ताप आला तर तेल, धुरी करत बसू नका, आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.

बांधावरचे गवत आपल्या मदतीला जरूर येईल, पण ओट्यापुरते. रात्रीला मच्छरदाणी आणि आठवड्याला कोरडा दिवस, हे दोन नेम घरात पाळले जाऊ द्यात.