कोपरगावला उतरा तर खरे!

दिवाळीची सुटी आली की घरोघर शिर्डीचा बेत ठरतो. पूर्वी रेल्वेने शिर्डीला जाणाऱ्याला कोपरगाव चुकत नसे. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या या स्टेशनात उतरायचे, टांगा नाही तर बैलगाडी ठरवायची, गोदावरी ओलांडायची आणि मग शिर्डीची वाट धरायची. २००९ साली पुणतांब्याहून आगगाडी थेट शिर्डीला गेली. २०१७ साली कोपरगाव तालुक्यातल्याच काकडी गावी विमाने उतरू लागली आणि २०२२ च्या डिसेंबरात नागपूरहून समृद्धी महामार्ग आला. सोय झाली, यात शंका नाही. पण एक नुकसानही झाले. वाटेवरचे गाव आता नुसते पाटीवर वाचायचे राहिले!

म्हणून विनंती अशी, की शिर्डीला अवश्य जा; पण घरून एक दिवस आधी निघा आणि तो दिवस गोदावरीला द्या.

सकाळी उन्हे चढण्यापूर्वी बेटावर जावे. कोपरगावचे बेट म्हणजे शुक्राचार्यांचे स्थान, अशी इथली श्रद्धा. संजीवनी विद्या शिकायला कच आला तो इथेच, असे लोक मानतात. शुक्राचार्यांचे मंदिर आहे, तसे शिष्याच्या नावाचे कचेश्वरही आहे. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'ने १९१३ साली हीच कथा रंगभूमीवर आणली. कच विद्या घेऊन गेला, देवयानीला मात्र नकार मिळाला. आणि गंमत पाहा, जिथे ते लग्न जमले नाही, तिथेच आज लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही, असे मानून वऱ्हाडे येतात!

तिथून हिंगणी गाठावी. कोपरगावापासून अंतर पाचएक किलोमीटरच, पण मनाला ते फार लांब नेते. १७५८ साली ज्याच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्या रघुनाथरावाची ही अखेरची भूमी. नारायणरावाचा खून, 'ध'चा 'मा', इंग्रजांचा आश्रय, १७७५ चा सुरतेचा तह हे सारे आपण शाळेत घोकलेले असते. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादासाहेबांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली आणि पेशवाईची आशा संपली. ते कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. धाकटा चिमाजी आप्पा जन्मला तो वडिलांच्या मागे, पुढच्या वर्षी. हिंगणीला वाडा बांधलेला होता, तिथेच त्यांची समाधी. पुण्यातल्या शनिवारवाड्यापुढे रोज रीघ लागते. पण त्या कथेचा शेवट पाहायला इथे कितीजण येतात? अपराधाचा न्याय इतिहासाने करावा. आपण दोन मिनिटे उभे राहावे, एवढेच.

दुपारची शिदोरी कुंभारीला सोडावी. नदीकाठच्या महादेवाच्या हेमाडपंती देवळात दगडाचा गारवा असतो आणि कोरीवकाम पाहायला मान वर करून वेळ काढावा लागतो. असेच दुसरे जुने शिवालय कोकमठाणला. तिथून जवळच महामार्गावर गाड्या भरधाव धावत असतात आणि देवळातला पाषाण शतकानुशतके जागचा हललेला नाही.

सायंकाळ पुणतांब्याची. अहिल्याबाई होळकरांनी इथे बांधलेला घाट आहे आणि चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगल्याची आख्यायिका असलेल्या या योग्याने ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडले आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या मिळवल्या. एवढा मोठा योगी, पण अखेर लहानग्या मुक्ताईला गुरू मानून नम्र झाला. घाटावर बसून हे आठवावे.

मुक्काम वाढवता आला, तर हिवाळ्यात नांदूर-मधमेश्वर पाहावे. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्याने तिथे पाणथळ तयार झाले. दूरदेशीचे पक्षी तिथे उतरतात, आणि २०२० साली त्याला महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. त्याच बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी कोपरगावच्या काळ्या मातीत ऊस उभा केला. इथल्या एका साखर कारखान्याचे नावच पूर्वी 'संजीवनी' होते. शुक्राचार्यांची विद्या कच घेऊन गेला खरा. पण मेलेल्या रानाला उठवणारी विद्या नदीने इथेच ठेवली, असे म्हणावेसे वाटते.

पाटात पाणी कधी सुटणार, हा मात्र इथल्या शेतकऱ्याचा दरसालचा घोर. पाहुण्याने त्याच्या बांधावर दोन घटका बसून तेही ऐकावे. गाव पाहणे म्हणजे नुसती देवळे मोजणे नव्हे. ते ऐकून मग शिर्डीला जा. दर्शनाच्या रांगेत उभे असताना पाय दुखतील, पण आठवायला पुष्कळ काही असेल.