बारा गुंठ्यांचा कर्ण

वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात जमिनीची बोली गुंठ्यात चालते. एकरी शंभर टन ऊस काढणारा पारावर बसला की 'गुंठ्याला अडीच टन' असंच सांगतो. रोटरचं भाडं, सरी सोडणं, लागणीची मजुरी, सगळं तुकड्याच्या क्षेत्रावर ठरतं. आणि ते क्षेत्र काढायची गावठी रीत सगळीकडे एकच. चारही बांध टेपने मोजायचे, समोरासमोरच्या दोन बांधांची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा आणि 1089 ने भागायचं.

या रितीत एक खोट आहे. आणि ही खोट नेहमी एकाच बाजूला झुकते. तुकडा अगदी काटकोनी असेल तरच उत्तर बरोबर येतं, नाहीतर ते खऱ्यापेक्षा जास्तच भरतं. कमी कधीच नाही.

आधी हा 1089 कुठून आला ते पाहू. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमारास 66 फुटांची मोजणीची साखळी रूढ केली. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्मी, 33 फुटांची साखळी आली. तिचे भाग 16 आणि त्या भागांना नाव आणे! 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांची मोजणी 1835 मध्ये इंदापुरात सुरू झाली. सातारचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं, त्यानंतर ती इकडे पोचली. सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. 1949 मध्ये तो 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर असतात, पण एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच, त्यामुळे बोलण्यात फरक पडला नाही.

आता एक तुकडा घ्या. पूर्व-पश्चिम बांध 132 फुटांचे, म्हणजे चार साखळ्या. दक्षिण-उत्तर 99 फुटांचे, म्हणजे तीन साखळ्या. चार त्रिक बारा गुंठे. पण ओढ्याच्या कलाने तुकडा तिरका असेल, कोपऱ्यात 90 ऐवजी 60 अंशांचा कोन असेल, तर? बांधांची लांबी तीच राहते. समोरच्या कोपऱ्यातून 132 फुटी बांधावर काटकोनात उतरलेला लंब मात्र 99 नव्हे, 85.7 फूट भरतो. क्षेत्र येतं 10 गुंठे 6 आणे. दीड गुंठ्याहून जास्त जमीन हवेतच! खिळखिळी झालेली बाज कोपऱ्यात दाबून बघा. लाकडं तेवढीच असतात, मधली जागा आकसते.

त्याचं भाडं जातंच, पण खरा घोटाळा हिशेबाचा होतो. या तुकड्यात 21 टन ऊस निघाला, तर शेतकरी म्हणतो गुंठ्याला पावणेदोन टनच पडला, बेणंच खराब. प्रत्यक्षात त्याने दोन टन काढलेले असतात.

नुसत्या बाजूंवरून क्षेत्र काढण्यावर भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत चांगलंच तोंडसुख घेतलंय. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच्च म्हटलंय, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं.

जुन्या भूकरमापकांना हे पक्कं ठाऊक होतं. शंकू-साखळीच्या मोजणीत ते शेतातून एक पाया रेषा टाकत, काटकोन साधणारा शंकू रोवून प्रत्येक कोपऱ्याचं त्या रेषेपासूनचं लंब अंतर घेत. मापं टिपणात जात. मग अख्खं शेत काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोनांत फोडून हिशेब गुणाकार बुकात मांडला जाई. त्रिकोणाचं निम्मं पाया गुणिले लंब. समलंबात दोन समांतर लंबांची बेरीज, निम्मी करून मधल्या अंतराने गुणायची. सरासरी इथंही आहेच, पण ती समांतर रेषांची. कृष्णाकाठचा वाकडातिकडा बांधही जवळजवळ लंब घेतले की याच रितीने उलगडतो.

शेतातली विहीर जी जागा अडवते, तिचं गणित वेगळं. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर आठकोनी आहे, व्यास सुमारे 50 फूट सांगतात. ढोबळमानाने वर्तुळ धरलं तर 1963 चौरस फूट, म्हणजे एक गुंठा तेरा आणे. तुमची विहीर 25 फुटी असेल तर ती निम्मी जागा अडवत नाही, पाव अडवते. साधारण सात आणे.

'मोबाइलवर शेत मोजतो की' असं आता कोणीही म्हणेल. मोबाइलचं जीपीएस काही मीटर सहज चुकतं. मोठ्या शेतात ते खपून जातं. पण चार गुंठ्यांच्या चौरस तुकड्याची बाजू जेमतेम 20 मीटर असते. चारही बाजूंना दोन-दोन मीटर बाहेर गेलं की चाराचे पावणेसहा गुंठे दिसतात. अशा तुकड्याला टेपच बरा. (हद्दीचा वाद असेल तर मात्र टेपही नको, मोबाइलही नको; सरकारी मोजणी मागवा.)

घराचा पाया आखताना आपल्याकडचा गवंडी तीन-चार-पाचचा त्रिकोण धरल्याशिवाय दोरी सोडत नाही. शेतात आपण तेवढंही करत नाही. रोटरवाल्याचे पैसे चुकते करण्याआधी टेप एकदा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपा धरा, आणि दुसऱ्या दोन कोपऱ्यांतही. 132 बाय 99 चा तुकडा खरोखर बारा गुंठे असेल, तर दोन्ही वेळा 165 फूट भरले पाहिजेत.