चप्पल नको, घड्याळ हवं

मांजराला झटका आला की चप्पल हुंगवायला धावायचं, ही सवय कोल्हापुरातही जुनीच. ‘वास दिला आणि झटका थांबला,’ हा अनुभव खोटा नसतो. पण बहुतेक झटके १-२ मिनिटांत आपोआप थांबतात, श्रेय मात्र चपलेला जातं. जीभ गिळली जाईल ही भीतीही निराधार. तोंडात बोट घातलं तर चावा मात्र बसतो. म्हणून मांजर जिन्यावरून, कट्ट्यावरून पडणार नाही एवढं बघा आणि वेळ मोजा. ५ मिनिटं उलटली किंवा दिवसात पुन्हा झटका आला, तर तडक पशुवैद्यकाकडे न्या. त्यांनी झटक्यांवर गोळी सुरू केली, की पुढे ‘आता बरं आहे, गोळी कशाला?’ असं वाटेल. पण फेनोबार्बिटोनसारखं झटक्यांवरचं औषध अचानक तोडलं तर झटके उलट बळावतात. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशक मांजराला कधीच लावू नका. त्यानेही झटके येतात.