जुनं इंजिन, भाग ९ : टॅपेट कव्हरची गळती

नवतपा जवळ आला की नागपुरातल्या जुन्या गाडीवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर गाडी थांबली की आत जळक्या तेलाचा वास भरतो, आणि गाडी चालू लागली की निघून जातो. बॉनेट उघडलं तर इंजिनच्या माथ्यावरून खाली काळे, धुळीने माखलेले ओघळ दिसतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग झिरपत असतं, ते तेल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतं आणि तिथेच जळतं. गाडी उभी असताना वारा नसतो, म्हणून तो धूर डॅशबोर्डच्या जाळीतून आत येतो. हा वास अंगवळणी पडू देऊ नका. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल साचत राहिलं तर ते पेटूही शकतं.

कव्हरखाली रॉकर, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि मारुती ८०० सारख्या इंजिनात कॅमशाफ्टही असतो. ऑईल पंपाच्या दाबाने तेल शाफ्टपर्यंत चढतं, पण तिथून पुढे ते नुसतं उडतं आणि हेडमधल्या भोकांतून खाली चेंबरमध्ये परततं. म्हणजे या पॅकिंगला दाबाखालचं तेल अडवायचं नसतं, उडणारं तेल अडवायचं असतं. हे एकदा लक्षात आलं की बोल्ट जीव खाऊन आवळण्याचं काही कारण उरत नाही.

कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन असो, ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं असो की ८०० चं ७९६ सीसीचं, या सगळ्यांत टॅपेट सेटिंगसाठी कव्हर उघडावंच लागतं. पैसे वाचवायला तेच पॅकिंग दरवेळी पुन्हा बसवलं जातं आणि गळती बहुधा तिथूनच सुरू होते. कॉर्क एकदा दबलं की पुन्हा फुगत नाही. रबर उष्णतेने कडक होतं, आणि वर्षानुवर्षं तापलेलं रबर काढताना पापडासारखं मोडतं. आपल्याकडे बाहेरचाच पारा ४५ अंशांवर जातो, त्यात थर्मोस्टॅट किंवा रेडिएटर बिघडलेला असेल (तो भाग आपण आधी पाहिला) तर पॅकिंगचं आयुष्य आणखी घटतं.

पण नुसतं पॅकिंग बदलून गाडी परत देणारं गॅरेज अर्धंच काम करतं, असं माझं ठाम मत आहे. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू सतत खाली चेंबरमध्ये उतरत असतो. तो बाहेर काढायला ब्रीदर असतो, नंतरच्या इंजिनांत त्याला पीसीव्ही व्हॉल्व्हची जोड असते. ही वाट काजळी आणि घट्ट तेलाने बंद झाली की आत दाब साठतो आणि सगळ्यात दुबळ्या सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. मग महागातलं नवं पॅकिंगही महिनाभरात ओलं होतं. म्हणून आधी ब्रीदरचा पाइप काढून आतून धुवा. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवला की आतली गोळी खुळखुळली पाहिजे. इंजिन चालू ठेवून तेल ओतायच्या तोंडावर कागद धरा. वाट मोकळी केल्यावरही तो जोरात उडत असेल, तर दोष रिंगांत आहे आणि पॅकिंगवरचा खर्च वाया जाणार आहे.

गळती नेमकी कुठे आहे, हेही आधी पक्कं करा. तेल वरून खाली येतं आणि पंख्याचा वारा ते मागे नेतो, त्यामुळे खालचा डाग फसवतो. इंजिन डिझेलने पुसून कोरडं करा, कव्हरच्या सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि थोडी फेरी मारून या. सगळ्यात वर जिथे पावडर भिजली, तिथेच गळती आहे.

काम नेहमी थंड इंजिनवर करायचं. कव्हर अडलं तर रबरी हातोडीने बाजूने ठोका. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर पेचकस खुपसून उचकटू नका, पडलेली रेघ कायमची गळते. जुनं पॅकिंग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा आणि हेडच्या भोकांत कापड कोंबून ठेवा, म्हणजे कचरा आत पडणार नाही. नंतर ते कापड आठवणीने काढा. पत्र्याचं कव्हर असेल तर ते सपाट काचेवर उलटं ठेवून पाहा. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा दबलेला दिसला तर हलक्या हाताने ठोकून सरळ करा. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून कोरडे झाले की मगच नवं पॅकिंग बसवा.

सिलिकॉनचा मोह इथे फार होतो. रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. सिलिकॉनचा थेंब फक्त कोपऱ्यांवर, जिथे कॅमची कॅप हेडला मिळते किंवा अर्धचंद्राकृती रबर बसतं, तिथेच लावायचा. सगळीकडे थापलेलं सिलिकॉन आत दबून तुटतं आणि त्याचे तुकडे ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. दोनपाचशेचं काम तिथे इंजिनवर बेततं.

बोल्ट आधी हाताने लावा. मग मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत थोडेथोडे आवळा. सहा मिलीमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेतून घ्या. लांब पाना वापरला की ॲल्युमिनियममधले आटे जातात. ॲम्बेसेडरच्या कव्हरला वरून दोनच नट असतात, त्यांच्याखालचे रबरी बुशही पॅकिंगसोबत बदला. ज्या इंजिनांत स्पार्क प्लग कव्हरमधून आत उतरतात, तिथे प्लगच्या नळ्यांची सीलं नवी घाला. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं की इंजिन मिस मारतं आणि दोष विनाकारण कॉइलवर ढकलला जातो.

एमएच ३१ च्या कितीतरी गाड्या पंधरा वर्षं ओलांडून दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीला जातात. तपासणीच्या आदल्या दिवशी इंजिन धुऊन नेणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. काम झाल्यावर आठवडाभर रोज सकाळी तेलाची पट्टी काढून पाहा. वरचा सांधा कोरडा आहे पण गाडीखाली डाग पडतोच आहे, असं असेल तर संशय क्रँकच्या सीलवर. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.