डॉक्टरांचे शिक्षक शिकवायला कसे शिकतात

एमडी किंवा एमएस झालेला डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयात सहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू होतो, तेव्हा त्याच्याकडे शिकवण्याची वेगळी पदवी नसते आणि कोणी ती मागतही नाही. शाळेत मुलांना गणित शिकवायचं तर डीएड-बीएड लागतं. एमबीबीएसच्या दीडशे विद्यार्थ्यांसमोर हृदयाच्या झडपांवर तासभर बोलायला मात्र विषयातली पदव्युत्तर पदवी आणि वरिष्ठ निवासी म्हणून काढलेलं एक वर्ष पुरतं. ज्याला येतं त्याला शिकवताही येतं, हे यामागचं जुनं गृहीतक आहे. वॉर्डात गुरूच्या मागे फिरून तयार झालेल्या कितीतरी उत्तम डॉक्टरांकडे पाहिलं की ते खरंही वाटतं. पण त्याच राउंडला शेवटच्या रांगेत उभं राहून, काहीच न कळता पोस्टिंग संपवणारी मुलंही असतात. त्यांचा हिशेब कुठे मांडला जात नाही.

हे गृहीतक तपासायला घेतलं ते अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या जॉर्ज मिलर या फिजिशियननी, 1950च्या दशकात. त्यांनी वैद्यकाचे शिक्षक आणि शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक यांना एकत्र बसवलं आणि साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली: या तासानंतर विद्यार्थ्याला नेमकं काय करता यायला हवं? ते आलं की नाही, हे आपल्याला कसं कळणार? भारतात या विचाराला संस्थेचं रूप मिळालं ते सत्तरच्या दशकात, पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं तेव्हा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 1997 च्या नियमावलीत प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण विभाग असावा असं आलं. रोजच्या बोलण्यात त्याला ‘एमईयू’ म्हणतात. 2009 पासून निवडक महाविद्यालयं प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रं झाली. ऑगस्ट 2019 मध्ये एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम सुरू झाला आणि सगळं चित्र पालटलं. विद्यार्थ्याला किती माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येतं यावर परीक्षा उभी करायची ठरली. मग शिक्षकांनाही नव्याने शिकणं भाग पडलं. आता परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे, आणि मूलभूत प्रशिक्षणाची जबाबदारी त्याच्याकडे आहे.

हे मूलभूत प्रशिक्षण तीन दिवसांचं असतं. साधारण तीस शिक्षक एका हॉलमध्ये, लहान गटांत बसतात. गट मुद्दाम मिसळलेले असतात. शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक, स्त्रीरोग विभागातली नुकतीच लागलेली शिक्षिका, सामुदायिक वैद्यकशास्त्राचे विभागप्रमुख, सगळे एका टेबलाशी. प्रशिक्षण आपल्याच महाविद्यालयात असलं तरी वरच्या केंद्राचा निरीक्षक हजर असतो. विदर्भात असं केंद्र म्हणून सावंगी (मेघे) इथलं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय अनेक वर्षं ओळखलं जातं.

पहिल्या दिवशी बराच वेळ एका वाक्यावर जातो, आणि तो जायलाच हवा. शिक्षकाला सांगितलं जातं, तुमच्या पुढच्या तासाचं उद्दिष्ट लिहा. बहुतेक जण लिहितात: ‘विद्यार्थ्याला क्षयरोगाचं निदान समजलं पाहिजे.’ मग प्रश्न येतो, समजलं हे कशावरून ओळखणार? इथून खोडणं, लिहिणं, वाद घालणं सुरू होतं. शेवटी वाक्य असं काहीतरी होतं: ‘थुंकीचा नमुना कसा द्यायचा, हे विद्यार्थ्याने रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे.’ म्हणजे खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून आलेला बेडका हवा, नुसती लाळ चालणार नाही. एक नमुना आत्ता, दुसरा उद्या सकाळी उठल्याउठल्या. हे वाक्य तपासता येतं. त्यातूनच तास कसा घ्यायचा ते ठरतं, कारण नुसतं व्याख्यान ऐकून कोणालाही हे सांगता येणार नाही, त्याला ते करून बघावं लागेल. परीक्षा कशी घ्यायची तेही त्याच वाक्यात आहे. पन्नास स्लाइड्सचं लेक्चर तयार करत आलेल्या माणसाला हा मोठा धक्का असतो, आणि माझ्या मते तीन दिवसांतला सर्वांत मोलाचाही.

परीक्षेच्या सत्रात मिलर पुन्हा भेटतात. 1990 मध्ये त्यांनी चार पायऱ्यांचा एक पिरॅमिड मांडला. तळाला ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसं करायचं ते माहीत आहे’, मग ‘करून दाखवतो’, आणि शिखरावर ‘रोजच्या कामात करतो’. आपल्या लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांवरच घुटमळतात. तिसऱ्या पायरीसाठी ‘ऑस्की’ आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये ही पद्धत मांडली. प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटांचं एक काम, घंटा वाजली की पुढचं टेबल, आणि परीक्षकाच्या हातात तपासणी यादी. रक्तदाबाचं टेबल असेल तर यादीत कफ बरोबर बांधला का, हात हृदयाच्या पातळीवर ठेवला का, हे असतंच. शिवाय रुग्णाला आपलं नाव सांगितलं का, काय करणार ते समजावलं का, हेही असतं. चौथ्या पायरीसाठी विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णासोबत पंधरा-वीस मिनिटं बघायचं आणि तिथेच त्याच्याशी बोलायचं.

तिसऱ्या दिवशीचं सूक्ष्म अध्यापन अनेकांना सर्वांत जड जातं. प्रत्येकाने गटासमोर पाच-सात मिनिटं शिकवायचं. बाकीचे टिपणं घेतात: सुरुवात कशी केली, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघितली की स्वतःच उत्तर दिलं, फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोललं, शेवट केला की वेळ संपली म्हणून थांबलं. अभिप्रायाचा क्रम ठरलेला असतो. आधी शिकवणारा स्वतः सांगतो काय जमलं, मग गट सांगतो काय जमलं. त्यानंतरच काय बदलता येईल ते, तेही आधी त्याच्याच तोंडून. वीस वर्षं शिकवलेल्या प्राध्यापकालाही त्याच्या शिकवण्याबद्दल असं नीट, पाहून केलेलं बोलणं तिथे पहिल्यांदा ऐकायला मिळतं. नोकरीत त्याच्या शस्त्रक्रिया सहकाऱ्यांनी पाहिलेल्या असतात, त्याचे शोधनिबंध परीक्षकांनी वाचलेले असतात. तास मात्र विद्यार्थ्यांखेरीज कोणी पाहिलेला नसतो. वैद्यकीय शिक्षकांच्या विकासाची आणि गौरवाची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे, असं मला वाटतं. न पाहिलेलं काम सुधारता येत नाही आणि त्याची कदरही करता येत नाही.

तीन दिवस संपतात. शिक्षक प्रमाणपत्र घेऊन विभागात परततो, तिथे ओपीडी, शस्त्रक्रिया, तपासणी समितीची कागदपत्रं, लॉगबुकवरच्या सह्या वाट बघत असतात. कार्यशाळेच्या शेवटी भरून घेतलेल्या फॉर्मवर ‘खूप उपयुक्त’ अशा खुणा असतात. पण प्रशिक्षणाचं मोजमाप करणाऱ्यांमध्ये रूढ असलेल्या कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्यांपैकी ही फक्त पहिली: आवडलं का. शिकले का, कामात बदल झाला का, विद्यार्थ्यांना आणि रुग्णांना फायदा झाला का, या पुढच्या तीन पातळ्यांसाठी कोणीतरी त्या शिक्षकाच्या वर्गात आणि वॉर्डात जायला हवं.

ज्यांना पुढे जायचं असतं त्यांच्यासाठी प्रगत अभ्यासक्रम आहे. त्यात दोन प्रत्यक्ष सत्रं असतात, मधल्या काळात मार्गदर्शकांसोबत ऑनलाइन चर्चा चालते, आणि स्वतःच्या महाविद्यालयात एक शैक्षणिक प्रकल्प पूर्ण करावा लागतो. त्याहून मोठी वाट म्हणजे फायमर फेलोशिप. मूळ संस्था फिलाडेल्फियातली. भारतातलं तिचं पहिलं प्रादेशिक केंद्र 2005 मध्ये मुंबईत, केईएम रुग्णालयाला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झालं. नंतर लुधियाना आणि कोइम्बतूरला केंद्रं आली. दोन वर्षांच्या या फेलोशिपचं बळही प्रकल्पातच आहे. शिक्षकाला आपल्याच संस्थेत एखादी गोष्ट बदलून दाखवावी लागते, आणि त्यासाठी अधिष्ठात्यांना, सहकाऱ्यांना सोबत घ्यावं लागतं. एकट्याने शिकलेलं विसरलं जातं. देशभरच्या सहकाऱ्यांना दर महिन्याला काय केलं ते सांगायचं असलं की काम पुढे सरकतं.

आता बढतीकडे बघू. 2022 च्या पात्रता-निकषांनुसार सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी सहाय्यक प्राध्यापक म्हणून चार वर्षं, दोन शोधनिबंध, वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम आणि जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम लागायचा. शेवटचा हा अभ्यासक्रम चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था ऑनलाइन चालवते. प्राध्यापकपदासाठी आणखी तीन वर्षं आणि एकूण चार निबंध. 2025 च्या नियमांनी 220 किंवा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांतल्या तज्ज्ञांनाही दार उघडलं. दहा वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ थेट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. जिल्हा रुग्णालयात हजारो रुग्ण पाहिलेल्या या माणसांकडे विद्यार्थ्यांना देण्यासारखं खूप आहे, म्हणून हा निर्णय मला चांगला वाटतो. पण त्यामुळेच शिकवण्याचं प्रशिक्षण अधिक गरजेचं झालं आहे.

या सगळ्या अटींत शिकवण्याबद्दल एकच अट आहे, आणि ती प्रशिक्षणाला हजर राहिल्याची. शिकवता कसं, हा प्रश्न कुठेच येत नाही. दोन निबंध मोजता येतात म्हणून ते मोजले जातात. पुरस्कारांनी ही उणीव थोडी भरून निघते. 1962 मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बी. सी. रॉय पुरस्कारात नामवंत वैद्यकीय शिक्षकांसाठी वेगळा विभाग होता, आणि अनेक महाविद्यालयं शिक्षकदिनी आपापले गौरव करतात. पण पुरस्कार एकाला मिळतो आणि तोही बहुधा कारकिर्दीच्या उतरत्या टप्प्यावर. चौथ्या वर्षाला असलेल्या शिक्षकाला आधार हवा असतो तो त्याचं रोजचं काम नोंदवलं जाण्याचा.

त्यासाठीचं साधन आहे शिक्षकाचा पोर्टफोलिओ. अर्नेस्ट बॉयर यांनी 1990 मध्ये अध्यापन हेही विद्वत्तेचं एक रूप आहे, शोधाच्या बरोबरीचं, असं मांडलं. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने 2006 च्या परिषदेत ते पोर्टफोलिओच्या कामाला लावलं. शिक्षकाचं काम पाच प्रकारांत बघायचं ठरलं: प्रत्यक्ष शिकवणं, अभ्यासक्रम तयार करणं, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, परीक्षा आणि मूल्यमापन, शैक्षणिक नेतृत्व. प्रत्येक प्रकारात किती केलं, कसं केलं, आणि ते इतरांच्या कामाशी कसं जोडलं, हे दाखवायचं.

समजा, औषधशास्त्राच्या एका शिक्षिकेला दिसलं की दुसऱ्या वर्षाची मुलं प्रिस्क्रिप्शन लिहिताना मात्रा आणि कालावधी गाळतात. तिने प्रात्यक्षिकाची घडी बदलली, खऱ्या रुग्णांच्या नोंदींवरून (नावं काढून) प्रिस्क्रिप्शन लिहायला लावलं, आधी आणि नंतर त्याच निकषांवर तपासलं. आज या कामाची नोंद विभागाच्या वेळापत्रकापलीकडे कुठेच राहत नाही. पोर्टफोलिओत ते दोन पानांचं होईल: अडचण काय होती, कोणाचं आधीचं काम वाचलं, काय केलं, गुण कसे बदलले, काय फसलं, दुसऱ्या कोणत्या विभागाने ते उचललं. निवड समितीतल्या परक्या विषयाच्या माणसालाही ही दोन पानं वाचून या शिक्षिकेबद्दल मत बनवता येईल.

पुराव्यात विद्यार्थ्यांचे अभिप्राय असावेत, पण एकटे नकोत. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतः प्रश्न सोडवायला लावणाऱ्या वर्गातली मुलं जास्त शिकली, पण त्यांना वाटलं की सुरेख व्याख्यानातूनच आपण जास्त शिकलो. कष्ट करायला लावणारा शिक्षक फॉर्मवर मागे पडू शकतो. म्हणून सहकाऱ्याने केलेलं निरीक्षण जोडीला हवं: तासाआधी दहा मिनिटं बोलणं, तास पाहणं, नंतर शांतपणे चर्चा. निरीक्षक दुसऱ्या विभागातला असावा. स्वतःचे विभागप्रमुख मागच्या बाकावर बसले की तो तास तपासणीचा होतो, आणि शिक्षक धोका पत्करून नवं काही करत नाही. सुधारण्यासाठीचं निरीक्षण आणि बढतीसाठीचं निरीक्षण वेगळं ठेवायलाच हवं. पहिल्याचा कागद फक्त त्या शिक्षकाकडे राहावा.

एक गट या व्यवस्थेबाहेर राहतो: निवासी डॉक्टर. रात्री दोन वाजता वॉर्डात इंटर्नला शिरेत सुई कशी घालायची ते दाखवतो तो निवासी, प्राध्यापक नव्हे. त्याला तीन दिवस देता येणार नाहीत, पण एक दुपार देता येईल. सिएटलच्या कुटुंबवैद्यकाच्या शिक्षकांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेली पाच पायऱ्यांची पद्धत अशा दुपारी शिकवता येते. विद्यार्थ्याने रुग्ण सांगितला की स्वतः निदान सांगून टाकायचं नाही. आधी विचारायचं, ‘तुला काय वाटतं?’ मग ‘कशावरून?’ मग एकच नियम शिकवायचा, या रुग्णापलीकडेही लागू पडेल असा. काय बरोबर केलं ते नेमकं सांगायचं, आणि चूक कुठे झाली तेही तिथेच, रुग्णासमोर त्याला कमी न लेखता. पाच मिनिटांत होतं. एमईयूने ही दुपार पदव्युत्तर प्रवेशाच्या पहिल्या सहामाहीत घ्यावी, आणि नंतर प्रत्येक निवासी एकदा तरी इंटर्नला शिकवताना कोणीतरी पाहावा. ती नोंद त्याच्या लॉगबुकात शस्त्रक्रियांच्या आणि प्रक्रियांच्या यादीशेजारी ठेवावी. तो पुढे सहाय्यक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला जाईल, तेव्हा त्याच्याकडे शिकवण्याचा पहिला पुरावा असेल.